राखणदाराचा पहिला घोट

दादरला उतरलो तेव्हा ऊन रणरणत होतं. समोरच्या हॉटेलात शिरलो. मेनूकार्डावर ‘नॉन-अल्कोहोलिक’ असा ऐटबाज मथळा आणि खाली कोण? तर पीयूष, कोकम सरबत आणि ताक! अरे, ताकाने काय गुन्हा केला होता? आमच्या लालबागच्या चाळीत पाहुण्याला एवढंच विचारायचे, “थंड की गरम?” चडफडत पीयूष मागवलं. जायफळाची चव मात्र तीच निघाली आणि जीव सुखावला.

अमरावतीहून आलो होतो ते चाळीला शेवटचं भेटायला, तिचे फोटो काढून ठेवायला. पाडायला काढली आहे. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांपाशी मिरचीचा खकाणा नाकात गेला आणि शिंकतच मी चाळीत पोचलो.

जिन्यात बालमित्र सुरेश उभा होता. दारूने त्याची नोकरी खाल्ली, संसार खायला बसली होती. आता सोडली आहे. तरी सुलभावहिनी, त्याची बायको, तो घरी आला की अजून आधी त्याच्या तोंडाचा वास घेते.

त्या दुपारी चाळीतली कोकणी मंडळी राखण (जागेच्या राखणदाराला द्यायचा मान) देत होती. कोंबडा, वडे आणि तीर्थ. तीर्थ म्हणजे दारूच; देवापुढे तिला असंच म्हणायचं. पहिला घोट सगळ्यांत जुन्या बिऱ्हाडाने घ्यायचा, म्हणजे सुरेशने. वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

त्याचा पुतण्या प्रशांत धावत आला. “काका, नो टेन्शन! नॉन-अल्कोहोलिक बियर आणलीय. देवाचा मान पण राहील, तुमचं पण काम होईल.”

सुरेशने बाटली उघडून हुंगली. लगेच तोंडापासून लांब धरली. “नको रे बाबा. लेबल तू वाचतोस, माझी जीभ नाय वाचत. तोच वास, तोच कडूपणा. उद्या ती खरी मागेल.”

“एका घोटाने काय होतंय?” मागून कोणीतरी म्हणालं. माझं डोकंच फिरलं. “तुला काय होणार, मेल्या? व्हायचं ते ह्या वहिनीच्या घरात होईल!”

सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारे म्हातारे तात्या पुढे आले. त्यांनी तीर्थ जमिनीवर ओतलं, सुरेशच्या हातात साध्या पाण्याचा पेला दिला आणि हात जोडले.

“बा देवा म्हाराजा! ह्या लेकरांनी दिलेली राखण मान्य करून घे!”

“व्हय म्हाराजा!” पुरुष ओरडले. बायका रीतीप्रमाणे मागे गप्प उभ्या होत्या.

“ह्या सुरेशान बाटली सोडल्यान हा, ती सुटलेलीच रवांदे!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांच्या वर एक फाटका आवाज गेला. वहिनीचा होता. पदर तोंडात धरून ती रडत होती आणि पुन्हा एकदा, एकटीच म्हणाली, “व्हय म्हाराजा.” सुरेशने पाणी पिऊन टाकलं.

परतीच्या गाडीत बसल्यावर लक्षात आलं, चाळीचा एकही फोटो काढला नाही. त्याच कामासाठी तर गेलो होतो. पण खरं सांगतो, जराही चुटपुट लागली नाही.