पाच किलो तांदूळ, पायी

आमची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं तेव्हा बाकीच्या बिऱ्हाडांना काळजी होती ती नव्या फ्लॅटला बाल्कनी केवढी मिळणार याची. मला काळजी होती मधल्या दोन वर्षांची. तेवढे दिवस लोणावळ्यात भाड्यानं कुठं राहायचं, आणि तेही गाडीशिवाय. एक स्कूटर होती. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर मुलानं ती विकली. विकायच्या आधी मला विचारलं, पण गिऱ्हाईक खाली उभं करून विचारलं.

मुलगा पुण्यात नवव्या मजल्यावर राहतो. घर हवेशीर आहे, सून भली आहे. पण तिथं कोथिंबिरीची जुडी हवी असेल तर कुणाच्या तरी गाडीत बसावं लागतं, नाहीतर फोनवरून मागवावी लागते, आणि फोनमधल्या भाजीवालीशी घासाघीस करता येत नाही. मागं महिनाभर राहिले तेव्हा दिवसातून चारदा माझ्या तोंडी एकच वाक्य यायचं, "जाता जाता मला तेवढं सोडशील का रे?" शेवटी शेवटी मला माझाच आवाज ओळखू येईना. त्यामुळं इमारत रिकामी करायच्या आत मला एकच गोष्ट साधायची होती. दूध, भाजी, डॉक्टर आणि स्टेशन, ही चारही ठिकाणं जिथून माझ्या पायांनी गाठता येतील असं घर. नाही मिळालं तर दिवाळीनंतर नववा मजला.

हे सगळं फोनवर मुलाला सांगताना मी नेहमीप्रमाणं गरजेपेक्षा दोन वाक्यं जास्त बोलले. म्हटलं, घर कसं निवडायचं ते मला शिकवू नकोस. रविवारी पाच किलो तांदूळ हातात घ्यायचे, स्टेशनपासून घरापर्यंत चालायचं, आणि पोचल्यावर चहा टाकायची इच्छा शिल्लक राहिली तर घर चांगलं. त्यानं ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मान्य. घर निवड, मी रविवारी येतो. माझ्यासमोर चाल. वर जाऊन चहा टाकलास तर करार मी करून देतो. नाहीतर बॅग भरायची."

आता तांदळाची ही परीक्षा माझ्या डोक्यात आली कुठून, तर माझ्याच तरुणपणीच्या एका शहाणीकडून.

लग्न होऊन लोणावळ्याला आले तेव्हा मी पंचविशीची होते आणि माझ्याकडे अक्कल सोडून सगळं होतं. नवरा रेल्वेत. स्टेशनाशेजारी क्वार्टर मिळत होतं, तिथून माझी शाळाही हाकेच्या अंतरावर. पण क्वार्टरच्या खिडकीतून यार्डाची भिंत दिसायची. मी नाक मुरडलं. माहेरच्या मैत्रिणीला पत्रात लिहू काय, भिंत? मग खंडाळ्याच्या बाजूला, घाटाच्या कडेवर दोन खोल्या कळल्या. मालक आम्हाला त्याच्या जीपमधून घेऊन गेला. स्टेशन पाच मिनिटांवर आहे म्हणाला, आणि खोटं नाही सांगत, पाच मिनिटांतच पोचलो. जीपला तेवढीच लागतात. मे महिना होता. त्यानं खिडकी उघडली आणि समोर अख्खी दरी. मी उभ्या उभ्या हो म्हणून टाकलं. आमचे हे मागं राहून रस्त्यापासून घरापर्यंतच्या पायऱ्या मोजत होते. मला वाटलं, कसल्या अरसिक माणसाशी गाठ पडली आपली.

जूनमध्ये दरी गेली. गेली म्हणजे खिडकीत पांढरंफेक धुकं येऊन बसलं, ते दसऱ्यापर्यंत हललं नाही. राहिला तो चढ. उलटी होणारी छत्री, चिंब पातळ, आणि शाळेत पोचेपर्यंत पावलांचा झालेला लगदा. शिक्षकांच्या खोलीत मी सांगायचे, चालणं तब्येतीला फार चांगलं. घरी येऊन गरम पाण्याच्या घमेल्यात पाय घालून बसायचे. दळण आणायचं काम यांच्याकडं. पाळी संपली की गिरणीतून डबा खांद्यावर घेऊन ते वर यायचे. जड झालं का विचारलं की म्हणायचे, "पीठच तर आहे." आणि ती शहाणी त्या पांढऱ्या खिडकीशी बसून मैत्रिणीला दरीची वर्णनं लिहायची, मे महिन्यातली आठवून. आज ती बाई मला भेटली तर तिच्या पाठीत आधी एक धपाटा घालीन, मग तिचे पाय चेपून देईन.

सव्वा वर्ष मी चूक कबूल केली नाही. मग एका श्रावणात हे डब्यासकट पायऱ्यांवरून घसरले. पीठ गेलं, गुडघा सुजला. दुसऱ्या दिवशी क्वार्टरसाठीचा अर्ज मी माझ्या हातानं लिहिला. तिथं राहायला गेलो त्या दिवशी यांनी खिडकी उघडली, बराच वेळ बाहेर बघितलं आणि म्हणाले, "भिंत चांगली आहे. पावसाळ्यातसुद्धा दिसते."

त्या सव्वा वर्षाबद्दल उभ्या संसारात, अगदी जाईपर्यंत, ते एवढंच बोलले.

तर गेल्या साली घरं बघायला मी पितृपंधरवड्यात निघाले. त्या दिवसांत कुणी नव्या घराचं नाव काढत नाही, त्यामुळं दलाल रिकामे असतात आणि म्हातारीचंही नीट ऐकून घेतात. माझा दलाल सोमाटण्याकडचा, चाळिशीचा गृहस्थ, मोटारसायकलवर हिंडणारा. त्याला अट सांगितली की मी चालत येणार, त्यानं दाराशी थांबायचं. तो म्हणाला, "मावशी, बसा की मागं. दोन मिन्टात जाऊ." मी म्हटलं, मागं बसलं की घर जवळ येतं, मला ते जिथं आहे तिथंच बघायचंय.

पहिलं घर हायवेच्या पलीकडच्या मोठ्या वसाहतीत निघालं. पोहायचा तलाव होता, व्यायामशाळा होती, दुकान नव्हतं. यायला हायवेखालचा बोगदा, आणि बोगद्यात पाणी. परत यायला रिक्षा करावी म्हटलं, तर तो रविवार. रविवारी आमच्या रिक्षा आमच्या नसतात, पाहुण्यांच्या असतात. रिक्षावाला म्हणाला, "आज लोकल भाडं न्हाई मावशी. पॉइंट फिरायचं आसंल तर बसा." मी म्हटलं, माझ्या घरालाच पॉइंट समज, सत्तर वर्षांची जुनी वास्तू आत आहे. तो हसला, पण नेलं नाही.

दुसरं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. खाली चहाची टपरी, कोपऱ्यावर दूध, तीन दुकानं सोडून डॉक्टर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसत होती आणि तिच्यावरून उतरणारा पाइप. मी म्हटलं, बघू. ज्या सुरात लग्नाच्या मुली नकार देतात त्या सुरात म्हटलं.

तिसरं घर तुंगार्लीच्या वरच्या अंगाला. दलाल लांब आहे म्हणाला, आणि मी म्हटलं, नुसतं बघायचंय तर बसते तुझ्या मागं. वाचकांनी इथं जीप आठवावी. मला नाही आठवली. त्यानं दार उघडलं. पाऊस नुकताच सरलेला, डोंगर धुऊन वाळत घातल्यासारखा, खाली धरणाचं पाणी, आणि अर्ध्या आभाळाएवढी खिडकी. मी हो म्हणून टाकलं.

दलाल बिचारा प्रामाणिक. म्हणाला, "मावशी, चढ लय हाय बरं का. ह्ये घर आमी गाडीवाल्यांस्नी दावतो. तुमच्या तांदळाचं काय?"

"ते मी बघते," मी म्हटलं.

आणि बघितलंही. शनिवारी सकाळी पाच किलो इंद्रायणी कापडी पिशवीत भरून स्टेशनपासून निघाले. सपाटीवर ठीक होतं. चढ लागला आणि तिसऱ्या वळणावरच्या मोरीच्या कठड्यावर मी जी बसले, ती उठेचना. पाव तासानं एका दूधवाल्यानं विचारलं, "मावशी, बरं वाटंना का?" मी म्हटलं, डोंगर बघतेय. तिथूनच माघारी फिरले.

शहाण्या बाईनं यातून काय घ्यायचं ते घेतलं असतं. पण माणूस म्हातारा झाला म्हणून शहाणा होत नाही, नुसता सराईत होतो. घरी येऊन मी पिशवीतले तांदूळ डब्यात ओतले आणि पिशवी चुरमुऱ्यांनी गच्च भरली. वर दोन मुठी तांदूळ पसरले, कुणी तोंड उघडून बघितलं तर. मग तोंड शिवून टाकलं.

रविवारी मुलगा आला. रस्ते तुंबलेले असणार म्हणून गाडी ठेवून लोकलनं आला. मी स्टेशनवर पिशवी घेऊन उभी. सुरुवातीलाच पिशवी उजवीकडून डावीकडं घेतली, मग डावीकडून उजवीकडं. थोडं वाकून चालले. मध्ये एकदा कंबरेवर हात ठेवून सुस्कारा सोडला. शाळेत तीस वर्षं पोरांची नाटकं बसवली होती, ती वाया गेली नव्हती. चढ लागला. पर्यटकांच्या गाड्या शेजारून गोगलगाईसारख्या सरकत होत्या. दुसऱ्या वळणावर माझा श्वास खराच लागला, कारण चढ तर खराच होता. तिसऱ्या वळणाशी मुलाला राहवलं नाही. परीक्षा वगैरे विसरून त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली.

हे मी धरलंच नव्हतं. सगळा विचार केला होता, पण पोरगं ओझं घेईल हे डोक्यात आलं नव्हतं. ओझं न बोलता घेणाऱ्या माणसाबरोबर अख्खा जन्म काढूनही आलं नव्हतं.

तो थांबला. पिशवी त्यानं एका बोटावर लटकवली, हलवून बघितली. आतून बारीक खुळखुळ आली.

"आई," तो म्हणाला, "यंदा इंद्रायणी हलकी निघाली."

मी डोंगराकडं बघत राहिले. मग म्हटलं, "चुरमुरे आहेत."

आम्ही त्याच मोरीच्या कठड्यावर बसलो. त्यानं शिवण उसवली, वरचे तांदूळ रुमालात काढून घेतले, आणि आम्ही दोघं कोरडे चुरमुरे खात बसलो. एका मोटारीतल्या बाईनं काच खाली करून विचारलं, हे इथं कुठं मिळतात. मी तिला मूठभर दिले. मला वाटत होतं, आता तो बॅगेचं काढणार, आणि काढलं तर मला तोंड नव्हतं. पण बराच वेळ तो नुसता खात होता. मग म्हणाला, "बाबांचा गुडघा आणि ते पीठ, ही गोष्ट तू मला लहानपणी निदान शंभरदा सांगितली आहेस. दर वेळी त्या बाईला हसायचीस."

"अजून हसते," मी म्हटलं.

"मग खरे तांदूळ कुठल्या घरापर्यंत जातात ते सांग."

 नाव काढायला जीभ वळत नव्हती. "एक आहे," म्हटलं. "भिंत दिसते."

उतरताना दलालाला फोन केला. स्टेशनवर परत गेलो, कारण नियम म्हणजे नियम. तिथल्या वाण्याकडून पाच किलो तांदूळ घेतले, माझ्यासमोर वजन केलेले. मुलानं दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि माझ्या चार पावलं मागं चालू लागला. एकदाच थांबले, फुलवालीशी, तेही तिनं इतके दिवस कुठं होतात विचारलं म्हणून. जिना चढले. पिशवी ओट्यावर ठेवली. हाताला वळ पडले होते, पण श्वास जागेवर होता, आणि चहा तर हवाच होता.

आणि तेव्हा आमच्या तिघांच्याही लक्षात आलं की रिकाम्या घरात शेगडी नाही.

दलाल म्हणाला, "थांबा, मी खालनं सांगतो." मी त्याला हातानं थांबवलं. खाली गेले, टपरीवरून तीन चहा घेतले, आणि तारेच्या जाळीत तिन्ही गेलास धरून पुन्हा जिना चढले. मुलगा दारात उभा होता. घ्यायला हात पुढं आला, मग त्यानं तो मागं घेतला. चहा संपल्यावर दलालाला म्हणाला, पंधरवडा संपला की करार करून टाकू.

तांदूळ आम्ही तिथंच ठेवले. नव्या घरात पहिलं पाऊल धान्याचं पडावं असं माझी आई म्हणायची. मुहूर्त चुकला असेल, पण धान्य खरं होतं.

आता आषाढ आहे. तुंगार्लीच्या त्या मोठ्या खिडकीत धुकं येऊन बसलं असेल. माझी भिंत स्वच्छ दिसते, पाइपावरून पाणी उतरताना दिसतं, आणि सकाळी छत्री घेऊन मी कोपऱ्यावरून दूध आणते. माहेरची ती मैत्रीण अजून आहे, हल्ली फोन करते. परवा विचारत होती, नव्या घराच्या खिडकीतून काय दिसतं.

मी सांगितलं, दरी.