चाचांच्या कालवणाचं मीठ

ताट समोर ठेवलं की चाचा तिथून हलायचेच नाहीत. ओले हात खांद्यावरच्या फडक्याला पुसत, मान पुढे काढून, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. "पयला घास जाऊदे," एवढंच म्हणायचे. मागे रांग लागलेली असो, कुणी "यल्ला चाचा, यल्ला" म्हणून घाई करत असो, पहिला घास उतरल्याशिवाय पुढच्याला ताट मिळायचं नाही. नवीन माणूस यानं गांगरून जायचा. लग्न ठरवताना माझ्या सासऱ्यांनीही मला एवढं निरखून पाहिलं नव्हतं.

दोह्यात बिन महमूद भागात आमचं ऑफिस आहे. त्याच्या मागच्या गल्लीत एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर सहा-सात खाण्याचे गाळे आहेत आणि मधोमध सगळ्यांची मिळून टेबलं. एका गाळ्यावर पराठे, एकावर मोमो, एकावर दिवसभर उकळणारा चहा. दुपारी बारा वाजता ड्रायव्हर, कारकून, एसी दुरुस्त करणारे आणि माझ्यासारखे ड्राफ्ट्समन सगळे तिथेच. अशा जागा तुम्हीही पाहिल्या असतील. जेवण स्वस्त, गरम आणि भरपूर, खुर्च्या डगमगत्या.

कोपऱ्यातला गाळा चाचांचा. म्हणजे मालक वेगळा, पण चुलीवर चाचा. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातले. गावात लग्नाकार्याच्या देगी, म्हणजे जेवणाची मोठाली पातेली, यांच्याच हातची. इथे येऊन वीस वर्षं माशाचं कालवण, भात आणि गुरुवारी तांदळाची भाकरी. मी नाशिकचा, मासा काट्यातून कसा सोडवायचा हे मला त्यांनी शिकवलं. पहिल्या दिवशी मी हिंदीत मागणी केली आणि फोनवर बायकोशी मराठीत बोललो, तर रागावले. "मराठी हाव, तर आदी नाय सांगायचं?" त्या दिवसापासून मी भाऊ झालो.

गेल्या रमजानची गोष्ट. दिवसा गाळे बंद, पण दुपार कलली की इफ्तारीचा स्वयंपाक सुरू व्हायचा. माझं ऑफिस लवकर सुटायचं, पण रस्त्यावरची गर्दी ओसरेपर्यंत मी तिथेच रेंगाळायचो. सुरुवातीलाच एके दिवशी चाचांचा फोन आला. "भाऊ, मागच्या दारानं या जरा. माजा रोजा हाय. मिठाचा अंदाज तेवडा बगा."

मी गेलो. त्यांनी वाटीत चमचाभर कालवण दिलं आणि मी चाखेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "बरोबर आहे," मी म्हणालो. मग रोजच जाऊ लागलो. उपाशी माणसांसाठी रांधलेल्या अन्नाचा पहिला घास माझा, याची मला गंमत वाटायची. महिनाभर एकदाही "कमी" किंवा "जास्त" म्हणावं लागलं नाही. चाचा मूठ उघडून मीठ सोडायचे, ते मापात बसलेलं असायचं.

ईद झाली. गाळे पुन्हा दिवसा उघडले. पहिल्याच दिवशी मी रांगेत उभा असताना चाचांनी मला खूण करून आत बोलावलं आणि वाटी पुढे केली.

"आता कसला रोजा, चाचा? तुम्हीच चाखा की."

ते वाटी तशीच धरून राहिले. मग हळूच म्हणाले, "मना नाय कळत, भाऊ."

रमजानच्या आधी त्यांना ताप आला होता. ताप उतरला आणि तोंडाची चव गेली ती गेलीच. क्लिनिकमधल्या डॉक्टरनं सांगितलं, येईल किंवा येणार नाही. "मिरची भाजते तेवडी समाजते. बाकी समदं गरम पाणी." हे त्यांनी मालकाला सांगितलं नव्हतं, गावी बायकोलाही नाही. वय अठ्ठावन्न. चव न कळणारा स्वयंपाकी कोण ठेवणार? "चुलीपासून उठवलं ना, भाऊ, तर मी कोन? मना दुसरं कायच येत नाय."

मी त्यांना शब्द दिला. रोज पावणेबाराला मागच्या दारानं जाईन.

आणि खरं सांगतो, मला ते आवडू लागलं. ऑफिसात माझ्या ड्रॉइंगवर तिघेजण लाल पेन चालवतात. इथे माझ्या एका शब्दावर पातेलं उतरत होतं. शंभर माणसं माझ्या जिभेच्या भरवशावर जेवताहेत असं मनाशी म्हणायचो आणि मान ताठ करून टेबलावर बसायचो. चाचा "पयला घास जाऊदे" म्हणून लोकांच्या तोंडाकडे का बघतात, हेही आता मला एकट्यालाच ठाऊक होतं. पूर्वी तो त्यांचा मान होता. आता ती धास्ती होती.

त्याच सुमाराला माझं ब्लडप्रेशर निघालं. बायको शाळेत शिकवते, तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. अल गराफातल्या आमच्या दोन खोल्यांत मीठ निम्म्यावर आलं. लोणचं, पापड खलास. पहिले काही दिवस मी पानावर बसून तोंड वाकडं केलं, मग सवय झाली.

साधारण महिन्याभरानं एकदा चाचांची वाटी चाखून मी म्हणालो, "आज जरा जास्त पडलंय."

चाचा दचकले. "जास्त? माज्या हातून?" त्यांनी मुकाट्यानं पातेल्यात पाणी आणि नारळाचं दूध वाढवलं. दुसऱ्या दिवशी मूठ आखडली. मी म्हणालो, "अजून थोडं कमी चालेल." असं होत होत त्यांनी मुठीनं मीठ घालणं सोडलं. चमचा आणला. चमचा भरायचे, झटकायचे, माझ्याकडे बघायचे, पुन्हा झटकायचे.

टेबलावरच्या मिठाच्या डब्या लवकर संपू लागल्या होत्या. आमच्याच टेबलावर जेवणारा रायगडचा एक कारकून एकदा म्हणाला, "चाचांचं कालवण हल्ली पाणचट लागतं, नाही?" मी त्यालाच ऐकवलं, की तुला चमचमीत खायची वाईट खोड लागली आहे. ताटातलं त्याचं उरलेलं मात्र मी पाहिलं होतं.

एका शुक्रवारी आम्ही चार मराठी कुटुंबं समैस्माच्या किनाऱ्यावर डबे घेऊन गेलो. मित्राच्या बायकोनं मसालेभात केला होता. पहिला घास घेऊन मी म्हणालो, "वहिनी, मीठ जरा सढळ हातानं पडलंय." सगळे माझ्याकडे बघू लागले. कुणालाच तो खारट लागला नव्हता. माझी बायको हसून म्हणाली, "त्याचं नका मनावर घेऊ. दोन महिने घरी अळणी खातोय. त्याला आता समुद्राचा वारासुद्धा खारट लागेल."

सगळे हसले. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

चाचांचा हात कधीच चुकला नव्हता. जीभ गेली तरी हात शाबूत होता, रमजानभर मीच त्याला साक्ष होतो. त्या हाताला मी चमच्यापर्यंत आणून ठेवलं होतं.

रविवारी सगळं सांगायचं ठरवून गेलो. चाचांनी वाटी दिली आणि माझ्या चेहऱ्याकडे असं पाहिलं, की माझं धैर्य गळालं. काय सांगणार? ज्या जिभेवर तुम्ही विसंबला आहात तीच खोटी आहे? मी म्हणालो, "थोडं वाढवा." त्यांनी अर्धा चमचा वाढवला. मनाशी म्हटलं, रोज थोडं थोडं वाढवू, आठवडाभरात मूळ ठिकाणी येईल, कुणाला कळणारही नाही. माझी लाज वाचवायला मी हा हिशोब केला.

मंगळवारी मालक आला. वाईट माणूस नव्हता, पण लोकांच्या कुरकुरी त्याच्यापर्यंत गेल्या होत्या. काउंटरवरच त्यानं वाटीभर कालवण घेतलं, चाखलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "चाचा, ये क्या बना रहे हो? मरीज़ों का खाना?" चाचा तव्यावर मासे उलटत होते, त्यांची पाठ आमच्याकडे होती. मालकानं रागाच्या भरात टेबलावरची डबी उचलून वाटीत झटकली. झाकण सैल होतं, भसकन मिठाचा ढीग पडला. आम्ही पाच-सहा जणांनी पाहिलं. मालकानं मात्र न बघताच ढवळून वाटी पुढे केली, "लो, चखो. कुछ तो नमक चाहिए."

चाचांनी वाटी तोंडाला लावली. दोन घोट घेतले. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"हाँ सेठ," ते म्हणाले. "अब बराबर है."

कुणी हसलं नाही. मालकानं त्यांच्या हातातून वाटी काढून घेतली, स्वतः बोट बुडवून चाखलं आणि थुंकला. मग बराच वेळ चाचांकडे बघत राहिला. त्याचा राग गेला होता, ते जास्त वाईट होतं. चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. उठून एक वाक्य बोलायचं होतं. मी ताटात बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी चुलीवर नवा माणूस होता. चाचा मागच्या दाराजवळ स्टुलावर बसून कांदे सोलत होते. गावी परतायचं तिकीट निघेपर्यंत तीन आठवडे त्यांनी तेच केलं. मी पावणेबाराला जायचो, शेजारी उभा राहायचो. तीन आठवड्यांत मला खरं सांगायची किती वेळा संधी मिळाली असेल, तुम्हीच मोजा. टेबलावर लोक म्हणू लागले, आता जरा चव आली. रायगडचा कारकून ताट पुसून खाऊ लागला.

चाचा गावी गेल्याला आता चार महिने झाले. परवा त्यांचा गावाहून फोन आला. सगळं ठीक आहे म्हणाले, बायकोला कळलं, तिनं काही विचारलं नाही. मोहल्ल्यात एक लग्न होतं. लोक देग चढवायला बोलवायला आले होते. पूर्वी ह्यांच्याशिवाय गावात देग चढत नसे.

"मग?" मी विचारलं.

"नाय म्हनून सांगितलं. जीब गेली, ते एक ठीक. पन माजा हातच फिरला, भाऊ. तुमीच तर रोज सांगत व्हतात. आता घरात चा पन मी ठेवत नाय."

त्यांना वाटलं, लाइन कटली. "हॅलो, भाऊ? ऐकताव ना?" मग ते म्हणाले, "तुमचे उपकार हायत. तुमी चाखत व्हतात, म्हनून तेवडे दिवस तरी मी चुलीजवळ उबा राह्यलो."

एवढंच सांगायचं होतं, की चाचा, हात तुमचा खरा होता, उद्या जा आणि देग चढवा. फोन माझ्या कानाला होता आणि घरात दुसरं कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "त्यात काय एवढं, चाचा."