दुसरी चपराक

मी डूख धरणारा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला सज्जन समजून कोणी फसायला नको. माझ्या हाताखालून गेलेली कल्याणची पोरं आता कारकून झाली, तलाठी झाली, एकदोघं ठाण्याच्या कचेरीत बसतात. वाटेत भेटली की वाकून म्हणतात, मास्तर, तुम्ही आम्हाला माणसांत वागायला शिकवलंत. शिकवलं हे खरं. पण पोरांच्या मायेने नाही शिकवलं. एका माणसाचं नाक कापायचं होतं, म्हणून शिकवलं.

तो माणूस म्हणजे माझेच मास्तर. मी आणि माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, दोघं कल्याणच्या शाळेत त्यांच्या एकाच वर्गात होतो. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आम्ही शिंपी; वडिलांच्या हाताशी कोणीतरी हवं म्हणून दादाला शाळेत उशिरा घातलं होतं. घरी वडील कापड बेतत, आई काजं करी, दादा टाके घाली, आणि मी काही करत नसे, कारण मी हुशार होतो. दादा शिवता शिवता माझ्याकडून पाढे म्हणवून घेई. चुकलो की सुई थांबायची आणि तो नुसता माझ्याकडे बघायचा. पावकी, दिडकी, औटकी, सगळं मी असं शिकलो.

मास्तर स्वतःच्या हाताने मारत नसत, आणि याचा त्यांना मोठा गर्व होता. ते रांगेने प्रश्न विचारत. ज्याला येईना त्याने उभं राहायचं. पुढे कोणी बरोबर उत्तर दिलं की त्याने उठून उभ्या असलेल्या एकेकाच्या थोबाडीत मारायची आणि त्यांच्या वरच्या जागेवर जाऊन बसायचं. इथपर्यंत त्या काळी पुष्कळ शाळांतून चाले. आमच्या मास्तरांनी त्यात पदरची भर घातली होती. मार खाल्लेल्याने हात जोडून मारणाऱ्याला म्हणायचं, "उपकार झाले." तोंड वाकडं केलं तर पुन्हा मार. डोळ्यांत पाणी आलं तर पुन्हा मार. मास्तर म्हणत, "गणित काय, कोणीही शिकवील. मी तुमच्या मनाला वळण लावतोय. राग गिळायला शिका." गावातली मोठी माणसंसुद्धा या वळणाचं कौतुक करत.

एके दिवशी औटकी चालली होती, म्हणजे साडेतीनचा पाढा. मास्तरांनी दादाला विचारलं, "सात औट किती?" दादा उभा राहिला आणि गप्प झाला. त्याला येत होतं. मला ते त्यानेच शिकवलं होतं. पण मास्तरांनी डोळे रोखले की त्याची जीभ टाळूला चिकटायची, हे मला घरातला असल्यामुळे माहीत होतं. मास्तरांनाही माहीत असावं, कारण ते मुद्दाम त्याच्याकडे बघत थांबले. दादाच्या पुढे आणखी कोणाला विचारलं नाही. सरळ मला विचारलं.

मी म्हटलं, "साडेचोवीस."

"मग जा," मास्तर म्हणाले.

मी दादाजवळ गेलो आणि त्याच्या गालाला हात लावल्यासारखं केलं. वर्ग हसला. मास्तर म्हणाले, "भाऊ म्हणून सूट? पुन्हा. आवाज इथपर्यंत आला पाहिजे." मग मी दुसरी मारली. ती आवाज येईल अशी मारली. दादाने माझ्याकडे बघितलं, हात जोडले आणि म्हणाला, "उपकार झाले." चेहरा सरळ ठेवून म्हणाला, त्यामुळे तिसरी मारावी लागली नाही. मी त्याच्या वरच्या जागेवर जाऊन बसलो. ती पहिली जागा होती.

दुसऱ्या दिवसापासून दादा शाळेत गेला नाही. वडिलांनी विचारलं, आईने समजावलं, तो काही बोलला नाही. महिन्याभरात ठाण्याजवळ माजिवड्याला मामांकडे शिवणकामाला निघून गेला. सणासुदीला घरी यायचा आणि माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलायचा. बस, जेव, अभ्यास कसा चाललाय, एवढंच. माझे पाढे पुन्हा कोणी म्हणवून घेतले नाहीत. मी तेव्हाच ठरवलं की या मास्तराला सोडायचा नाही. लहान पोरं असं ठरवतात आणि विसरतात. मी विसरलो नाही.

पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून मी मास्तर होऊन आलो आणि खटपट करून कल्याणचीच शाळा मागून घेतली. दुसरीकडे बरी जागा मिळत होती, ती नाकारली. मास्तर तोवर मुख्य मास्तर झाले होते. पहिल्या दिवशी मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाले, "तू शिंप्याचा ना? तुझा एक भाऊ होता. मठ्ठ होता जरा. काय करतो हल्ली?"

मी म्हटलं, "शिवणकाम करतो." आणि नमस्कार केला. राग गिळायला त्यांनीच शिकवलं होतं, ते त्या दिवशी उपयोगी पडलं.

माझ्या मनात बेत तयार होता. वर्षातून एकदा डेप्युटीसाहेब शाळा तपासायला येत. त्या दिवशी मुख्य मास्तर स्वतः वर्ग घेऊन आपली थोबाडीत मारायची रीत साहेबांना दाखवत आणि शेरेबुकात शिस्तीबद्दल दोन ओळी मिळवत. त्या दिवशी, साहेबांसमोर, पोरांनी हात उचलायचा नाही. पण नुसतं 'मारू नका' सांगून पोरं ऐकत नाहीत. मास्तरांनी डोळे वटारले की ती मारणारच. मी नव्हतो का मारलं? पोरं आतूनच बदलायला हवी होती, आणि हातात साधारण एक वर्ष होतं.

म्हणून मी शिकवायला लागलो. माझ्या वर्गात ज्याला उत्तर येईल त्याने शेजारच्याला ते समजावायचं, आणि शेजारच्याला आलं की मगच दोघांनी मिळून हात वर करायचा. सुरुवातीला हुशार पोरं फार कुरकुरली. "मास्तर, मग आमचा नंबर कसा लागणार?" मी म्हटलं, लागणार नाही. दोघांची मारामारी झाली की दोघांना उभं करून ह्याने त्याची बाजू सांगायची आणि त्याने ह्याची, स्वतःची कोणी सांगायची नाही. असली गंमत तुम्ही पाहिली नसेल. दुसऱ्याची बाजू सांगता सांगता पोरं अडखळतात, मग तिथेच थांबून विचार करतात. कोणाला राग आला तर त्याने उठून रांजणावर जायचं, पाणी प्यायचं, रांजणावरचं झाकण नीट लावायचं आणि मग बोलायचं. झाकण नीट लावण्यावर माझा जोर असे, कारण रागात ते नीट बसत नाही.

आणि एक गोष्ट मी रोज घोकून घेतली. ज्याला येत नाही तो एक, आणि ज्याला येतं पण घाबरलाय तो दुसरा. दोघांचे चेहरे वेगळे असतात, ते ओळखा. सहा महिन्यांत पोरं इतकी तरबेज झाली की मलाच सांगायला लागली, "मास्तर, आज तुम्ही रागात आहात." मी होतोच. मी रोज होतो. मुख्य मास्तर व्हरांड्यातून जायचे, डोकावून बघायचे आणि म्हणायचे, "पोरांना फार लाडावतोस." मी मान हलवायचो आणि मनात म्हणायचो, थांबा थोडं.

तपासणीचा दिवस आला. माझ्या वर्गात डेप्युटीसाहेब खुर्चीवर, मुख्य मास्तर पागोटं सावरून फळ्याशी, आणि मी भिंतीला पाठ लावून उभा. मास्तरांनी विठ्ठलवाडीहून येणाऱ्या एका पोराला ठाणे जिल्ह्याचे तालुके विचारले. पोरगं उभं राहिलं आणि गप्प झालं. मास्तर त्याच्याकडे डोळे रोखून थांबले, अगदी तसेच. मग त्यांनी पुढच्याला विचारलं. त्याने घडाघडा तालुके म्हणून दाखवले.

"मग जा," मास्तर म्हणाले.

उत्तर देणारं पोरगं जागचं हललं नाही. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मला त्याची दया आली नाही, खोटं कशाला बोलू. मी मनात म्हणत होतो, बोल, बोल.

"मास्तर," पोरगं म्हणालं, "त्याला येतं. तो घाबरलाय."

मास्तरांनी तिसऱ्याला उठवलं आणि मार म्हणाले. तो म्हणाला, "मी शेजारी उभा राहतो, मग तो सांगेल." आणि खरंच जाऊन शेजारी उभा राहिला. चौथाही न सांगता उठला आणि त्यांच्याजवळ गेला. साहेब खुर्चीत पुढे सरकले आणि विठ्ठलवाडीच्या पोराला म्हणाले, "सांग बाळ, सावकाश." त्याने सांगितले. एकही तालुका चुकला नाही.

साहेबांनी मास्तरांकडे वळून विचारलं, "मग आपण ह्याला कशाबद्दल मारत होता?"

मास्तर पागोटं सावरू लागले. त्यांना उत्तर आलं नाही. भर वर्गात, साहेबांसमोर, ते उभेच्या उभे राहिले. तो आनंद मी आजही चवीने आठवतो. साहेबांनी हा वर्ग कोण शिकवतं ते विचारून घेतलं आणि शेरेबुकात लिहिलं की मारण्याची ही रीत ताबडतोब बंद व्हावी आणि मुख्य मास्तरांनी आपल्या सहायकाकडून वर्ग कसा घ्यावा हे पाहून घ्यावं. शाळा सुटल्यावर मास्तर दारातून निघाले तेव्हा मी आडवा गेलो, हात जोडले, चेहरा सरळ ठेवला आणि म्हणालो, "उपकार झाले." ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काही आठवलं असं वाटलं नाही. पण अपमान त्यांना कळला, तेवढं मला पुरलं.

पुढे दोन महिन्यांत त्यांनी स्वतःहून बदली मागून घेतली. त्यांचं सामान बैलगाडीत चढताना मी रस्त्याच्या कडेला उभा राहून बघितलं. एका मोडक्या पेटीला ते दोरी बांधत होते आणि गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती. मदतीला मी गेलो नाही.

त्याच रविवारी मी ठाण्याला उतरून माजिवड्याला चालत गेलो. दादा मामांच्या पडवीत बंडी शिवत बसला होता. पंचविशीतच केस पिकायला लागले होते. मी बसलो आणि त्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. पोरं कशी तयार केली, साहेबांनी काय विचारलं, मास्तर कसे उभे राहिले, मी काय म्हणालो. मला वाटलं होतं तो हसेल, पाठीवर थाप मारेल, निदान सुई तरी खाली ठेवील. तो शिवत राहिला.

शेवटी मी म्हटलं, "दादा, तुझा सूड घेतला मी."

"माझा?" तो म्हणाला. दोरा दातांनी तोडला. "अरे, मास्तराने मला रोज मारलं असतं ना, तरी मी आलो असतो शाळेत."

"मग का सोडलीस?"

त्याने बंडी उलटी केली, शिवण तपासली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "दुसरी मारताना तू हसलेलास."

मी नाही म्हणणार होतो. तोंडही उघडलं होतं. पण मी हसलो होतो. पहिली जागा मिळणार म्हणून हसलो होतो, आणि इतक्या वर्षांत एकदाही ते मी स्वतःला आठवू दिलं नव्हतं.

दादाने आत वहिनींना सांगून मला चहा आणवला. मी तो प्यालो आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी वर्गात पोरांना राग आला की काय करायचं हे पुन्हा शिकवलं, नेहमीसारखं. मास्तरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि मी तो जाऊही देणार नाही. तो गेला, तर रागवायला एकच माणूस उरतो.