वर भेटू

आमचे हे धावतात. तसे वीजबिलाच्या ऑफिसात हेडक्लार्क आहेत, पण ते कुणी विचारलं तरच सांगतात. न विचारता सांगतात ते मॅरेथॉनचं. जेवताना मॅरेथॉन, फोनवर मॅरेथॉन. माझ्या मामाला भेटायला दवाखान्यात गेलो, तर तिथेही मॅरेथॉन. मामा बिचारा सलाईनवर, पळून जाणार तरी कुठे!

मनगटावर हे एवढं मोठं घड्याळ. ते पिंपिं करतं आणि हे त्याचं मुकाट्यानं ऐकतात. माझं आयुष्यात कधी ऐकलं नाही. बाल्कनीत ओले मोजे, फ्रीजमध्ये भाजीच्या जागी बर्फाच्या पिशव्या, आणि तोरा असा की जग यांच्याच गुडघ्यांवर उभं आहे.

आमची लेक कॉलेजात जाते. यांचं खूळ तिलाही लागलं, पण ती बोलत नाही, नुसती पळते. बापलेकीनं मॅरेथॉन जोडीनं पळायची असं ठरलं होतं. त्याआधी सराव म्हणून टेकडीवरची हाफ मॅरेथॉन. टॉवरपर्यंत चढायचं आणि त्याच रस्त्यानं उतरायचं. पोरीला चढाची धास्ती होती. "बाळ, ही शर्यत नाहीये. मी तुझ्या शेजारून हलणार नाही," असं हे सतरांदा म्हणाले. पोरगी त्या शब्दावर विसंबून होती. मला धाकधूक होती ती तेवढीच. यांच्या मांड्यांचं काय व्हायचं ते होवो.

चढाच्या मध्यावर, वळणावर, पाण्याचं टेबल माझ्याकडे होतं. दोघं बरोबर आले. लेकीला धाप लागली होती, पण चेहरा हसरा. तिनं ग्लास घेतला, तोच यांच्या ऑफिसातले साहेब मागून आले. "काय हेडक्लार्क, दमलात?" म्हणाले आणि पुढे गेले. झालं! ऑफिसात याच साहेबांसाठी दार उघडून धरणारा माणूस, पण इथे अंगात आलं. यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग पोरीकडे.

"बाळ, वर भेटू!" म्हणाले आणि सुटले.

लेक ग्लास धरून बघत राहिली. मग माझी नजर टाळून, हळूहळू एकटीच चढायला लागली. मी पाण्याचा जग असा आदळला की टेबल भिजलं. असा संताप आला होता, काय सांगू!

यांचा सगळा सराव नदीकाठच्या सपाट रस्त्यावरचा. चढ तेवढा अवघड, उतार म्हणजे फुकटचा, अशी यांची समजूत. म्हणून होता नव्हता तो जोर चढावर संपवला. उतरताना साहेब मजेत गेले. बऱ्याच वेळानं हे आले, अंग मागे टाकून, टाचा आपटत, पावलागणिक ब्रेक लावत. टेबलाशी येईपर्यंत मांड्यांत गोळे. मटकन फुटपाथवर बसले.

"मीठ कमी पडलं," म्हणाले.

"अक्कल कमी पडली," मी म्हटलं.

तेवढ्यात लेक आली. छोटी पावलं, सैल अंग, चेहरा लालबुंद. यांनी हात वर केला. "बाळ, थांब जरा. जोडीनं संपवू."

ती थांबली. पाणी प्यायली, एक ग्लास यांच्या हातात दिला. "खाली भेटू, बाबा," म्हणाली आणि गेली.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी सकाळी हे ऑफिसला निघाले. मांड्या इतक्या ठणकत होत्या की जिना उतरता येईना. मग काय, रेलिंग धरून उलटे उतरायला लागले, तोंड आमच्या दाराकडे करून. रात्रभर माझ्या मागे लागले होते, तिला विचार ना, मॅरेथॉनला येईल का माझ्यासोबत. मी म्हटलं, तोंड तुम्हाला दिलंय ना देवानं?

लेक बूट घालून बाहेर पडली. आता तिच्याकडे बघण्यावाचून यांना गत्यंतर नव्हतं.

"बाळ, मॅरेथॉनला येशील ना माझ्यासोबत?"

"येईन की, बाबा," ती म्हणाली. "स्टार्टपर्यंत."

आवाजात राग नव्हता. धक्का लागू नये म्हणून अंग चोरून ती यांच्या बाजूनं उतरली. खालचं फाटक वाजलं.

हे तसेच उभे, वर माझ्याकडे बघत. घड्याळ पिंपिं करायला लागलं. यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"ऐकलंस?" म्हणाले.

"ऐकलं," मी म्हटलं. "रेलिंग धरा नीट."