पित्तावरची कॉफी

माझी द्रौपदीवहिनी कधी कुणाशी भांडायची नाही, त्यामुळे तिच्या वाटचं भांडणही मलाच करावं लागायचं. कुणी तिला लागेल असं बोललं, की ती गप्प व्हायची आणि डबे घासायला काढायची. फळीवरचे डबे लखलखीत दिसले की माझा भाऊ ओळखायचा, आज काहीतरी बिनसलंय. मुलुंडला असताना तिनं गुलाबाची कॉफी करायला घेतली, तेव्हा प्रकरण डब्यांच्या पलीकडे गेलं होतं.

मिलचा संप होऊन गेल्यानंतरची ही गोष्ट. माझा भाऊ धोंडिराम टेलिफोन खात्यात केबल दुरुस्तीवर होता. कुर्ल्याला आम्ही आमच्याच लोकांत राहायचो. मग हाउसिंग बोर्डाच्या सोडतीत मुलुंड पूर्वेला दोन खोल्यांचं घर लागलं आणि आम्ही तिघं तिकडे आलो. मी तेव्हा बी.ए.ला होते आणि मला जग सुधारायची फार घाई होती. वहिनीनं पहिल्याच दिवशी बाहेरच्या खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर लावली. त्यांच्या खाली फोन. तो खात्याचा होता, अडीनडीला भावाला बोलावता यावं म्हणून दिलेला. सबंध मजल्यावर तेवढा एकच.

समोरच्या दारात सुहासिनी राहायची, मालवणकडची. तिच्या नवऱ्याची, काशीरामची, मिलमधली नोकरी संपात गेली, तसा तो फिटर म्हणून मस्कतला गेला. दर रविवारी दुपारी तो आमच्या नंबरावर फोन करायचा. सुहासिनी जेवणं आटपून यायची आणि घंटा वाजेपर्यंत आमच्या खुर्चीत बसून राहायची. बोलायला गोड, मनानं चांगली. वहिनी तापानं पडली तेव्हा आमचं पाणी तिनंच भरून ठेवलं होतं. पण त्याच पिंपातलं घोटभर पाणी तिनं कधी तोंडाला लावलं नाही.

पहिल्या रविवारी वहिनीनं चहा पुढं केला. सुहासिनी म्हणाली, "नको गो, माका चायचा पित्त होता." पुढं एकदा पोहे केले, तर उपास. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, आणि रविवार मोकळा सापडलाच तर एकादशी नाहीतर संकष्टी कुठूनतरी येऊन टपकायची. ही बाई जेवते कधी, हा प्रश्नच होता, आणि अंगानं तर चांगली भरलेली होती. चहा बाधतो म्हणून वहिनीनं कॉफी केली, तर म्हणाली, "कॉफी गरम पडता माका."

"तिचं पित्त आपल्या भिंतीकडे बघून उसळतं," मी म्हणाले.

"असेल गं खरंच पित्त," वहिनी म्हणाली, आणि डबे काढले.

मग एक दिवस मी कॉलेजातून येताना खालच्या मजल्यावरचं दार उघडं होतं. आत सुहासिनी बशीत ओतून चहा पीत होती. वर दुसरा कपही घेतला. मी जिना चढले ते फणफणत, आणि भाऊ घरी आहे हे न बघताच सगळं बोलून गेले.

भाऊ ओरडला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खाली मान घालून म्हणाला, "गावच्या हॉटेलात आमच्या बापाची कपबशी बाहेर खिळ्याला टांगलेली असायची. त्यानं प्यायचं आणि त्यानंच विसळायची. ते परवडलं, ते दुसऱ्याच्या दारात होतं. इथं माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून, माझ्या फोनवर बोलून..." कुर्ल्याचा दादू, आमच्याच नात्यातला, मुलुंडच्या घराबरोबर आपली खोली बदलायला केव्हाचा तयार होता. त्याला बोलवून घ्यायचं, असं भावानं ठरवून टाकलं.

वहिनीचा चेहरा उतरला. या घरात तिला पहिल्यांदा स्वतःचा नळ मिळाला होता. कुर्ल्याला भरलेल्या हंड्यांनी तिचं एक मूल पोटातच गेलं, असं ती मानायची. तिथं परत जायच्या नुसत्या विचारानं तिच्या हातातलं फडकं गळून पडलं.

"त्यापेक्षा तिचा फोन बंद कर ना," मी म्हणाले.

"फोन नाही बंद करायचा," वहिनी म्हणाली. "नवऱ्याचा आवाज आहे तो. त्याच्यावर माझा काय राग?" मग भावाकडे वळून म्हणाली, "मला एक रविवार द्या. तिनं आजवर सांगितलं ते सगळं मी खरं धरते. पित्तावर चालेल आणि उपासालाही चालेल, असं काहीतरी करते. मग बघू तिच्याकडे सांगायला काय उरतंय."

"आणि तरी नाही प्यायली तर?"

"तर कुर्ल्याला जाऊ," वहिनी म्हणाली.

पित्तावर गुलाब, हे तिला आजीपासून ठाऊक होतं. कॉफी गरम तर गुलाब थंड, म्हणजे दोन्ही मिळून बरोबरीला येणार. दूध, साखर, फूल, कॉफी, यात उपासाला न चालणारं काही नाही. बोहारणीला भावाच्या जुन्या पॅंटी देऊन तिनं कॉफीचा फिल्टर घेतला. स्टेशनजवळ बिया दळून देणारं दुकान होतं, तिथून ताजी पूड आणली. राहिले गुलाब. बाजारातल्या टपोऱ्या गुलाबांना वास नसतो आणि फवारा मारलेला असतो. भावाची तेव्हा आरे कॉलनीत केबल चालू होती. तिथल्या एका तबेल्याच्या कुंपणाला गावठी गुलाबाची झुडपं होती. तो रोज हत्यारांच्या पिशवीतून, पकडी-पान्यांच्या मधे कोंबून फुलं आणायचा आणि ओट्यावर आदळायचा. "जी आपल्या घरचं पाणी पीत नाही तिच्यासाठी मी फुलं तोडतोय. खात्यात कळलं तर हसतील मला."

पहिल्या दिवशी वहिनीनं पाकळ्या दुधाबरोबर उकळल्या. दूध फाटलं. दुसऱ्या खेपेला दूध टिकलं, पण कॉफी इतकी कडवट झाली की मी मोरीत ओतली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की पाकळीचा बुडखा, तो पांढरा भाग, कडू असतो. मग ती कात्री घेऊन एकेका पाकळीचा बुडखा कापत बसली. पाकळ्या सावलीत सुकवल्या, साखरेबरोबर कुटल्या. ते कुटलेलं तिनं गरम दुधात स्टोव्ह बंद केल्यावरच घातलं आणि वर झाकण ठेवलं. ही कॉफी कडू नव्हती, पण वास असा घमघमला की भाऊ म्हणाला, "कुणाच्या तरी लग्नात आल्यासारखं वाटतंय." वहिनीनं पाकळ्या निम्म्या केल्या आणि कॉफी दाट काढली. शनिवारी संध्याकाळी तिनं मला कप दिला. आधी कॉफीच लागली, चांगली कडक, आणि घोट खाली गेल्यावर मागून गुलाब आला. मला रडू येत होतं, कारण इतकी चांगली झाली होती आणि ती कुणासाठी होती ते मला माहीत होतं.

रविवारी दादू आधी आला. नळ सोडून बघितला, खिडकीतून खाली डोकावला, खूश झाला. भावानं त्याला आतल्या खोलीत बसवलं आणि दार अर्धवट लोटलं. मग सुहासिनी आली. खुर्चीत बसली, फोनकडे बघितलं, पदर सारखा केला. वहिनीनं कॉफी गाळली. कप काठोकाठ भरला आणि बशीत ठेवून उचलला. मी घ्यायला पुढे झाले, तर तिनं कोपरानं मला बाजूला सारलं.

"घे सुहासिनी."

"अगो, माका पित्त..."

"गुलाब घातलाय. पित्तावरच केलीय."

सुहासिनीनं वासानं आपोआप मान वळवली. "बरो येता गो वास. पण आज संकष्टी मगे. माझो उपास."

"उपासाचीच आहे. दूध, साखर, फूल आणि कॉफी. मिठाचा कण नाही."

"आत्ताच घरात घेऊन इलंय..."

"बरं, मग थांबते. जिरू दे."

आणि वहिनी खरंच थांबली. समोर पाटावर बसली, हात मांडीवर ठेवून. सुहासिनीच्या हातात कप होता आणि तिच्याकडे सांगायला काही उरलं नव्हतं. कॉफीवर साय धरली. आतल्या खोलीत भावानं खाकरायचंही सोडून दिलं होतं. सुहासिनीनं कप ओठापर्यंत नेला. मी डोळे मिटले. मग कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"माका जमाचा नाय गो, द्रौपदी," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "घशाखाली उतराचा नाय."

"पित्तामुळे?"

"नाय."

"उपास आहे म्हणून?"

"नाय गो."

"मग कशामुळे, ते सांग. एकदा तुझ्या तोंडानं सांग."

मला वाटलं आता उठून जाईल. पण ती फरशीकडे बघत, अगदी हळू म्हणाली, "तुमची जात. दुसरा काय नाय."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तोंड उघडणार तेवढ्यात फोन वाजला. तिघीही दचकलो. वहिनी उठली, रिसीव्हर उचलला. "हां काशीरामभाऊ, बरे आहात ना? आहे, इथंच आहे. देते." तिनं रिसीव्हर सुहासिनीच्या हातात दिला. तिनं तो नुसता कानाला धरला. पलीकडून काशीराम हॅलो हॅलो करत राहिला. तोपर्यंत वहिनीनं तो कप घेतला, साय बोटानं बाजूला केली, आणि तिच्यासमोर उभं राहून ती थंडगार कॉफी शेवटपर्यंत प्यायली.

सुहासिनी गेल्यावर भाऊ बाहेर आला. "सामान बांधू या," म्हणाला.

"दादूभाऊंना कॉफी द्या," वहिनी म्हणाली. "घर बदलायचं नाही."

"ठरलं काय होतं आपलं? प्यायली नाही ती."

"नाही प्यायली. पण माझ्या घरात बसून तिला खरं बोलावं लागलं. लाजून मान तिची खाली गेली, माझी नाही. मी कशाला जाऊ इथून?" वहिनीनं आवाज चढवलेला मी पहिल्यांदा ऐकला. दादूनं कॉफी घेतली, छान झाली म्हणाला, आणि बिचारा हिरमुसून कुर्ल्याला गेला.

पुढच्या रविवारी सुहासिनी आली नाही. फोन वाजायची वेळ झाली, समोरचं दार बंदच. भाऊ म्हणाला, बरं झालं, सुटलो. वहिनी उठली आणि समोरची कडी वाजवली. "चल, त्याचा फोन येईल. मी काही विचारणार नाही, भिऊ नको."

सुहासिनी आली. खुर्चीत बसली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली. वहिनीनं आमच्या तिघांसाठी गुलाबाची कॉफी केली, आमच्या तिघांच्या हातात दिली आणि आपला कप घेऊन पाटावर बसली. सुहासिनीकडे तिनं बघितलंही नाही. आमच्यात दारात आलेल्या माणसाला न विचारता कुणी कप तोंडाला लावत नाही. माझ्यासारख्या भांडकुदळ बाईलाही तो घोट गिळवेना. फोन झाला, सुहासिनी दारापर्यंत गेली आणि तिथं थांबली.

"आज माका विचारलंस नाय गो," ती म्हणाली.

"माझं विचारून झालं," वहिनी म्हणाली. "आता पाहिजे तर तू मागायची."

सुहासिनी चप्पल पायात घालून तशीच उभी राहिली. वहिनीच्या कपाकडे तिनं एकदा बघितलं. मग ती गेली.

"मागेल ती?" मी विचारलं.

वहिनी कप विसळत होती. नळ तिनं पूर्ण सोडला होता. "मागेल नाहीतर नाही मागणार," ती म्हणाली. "आपण काय, इथंच आहोत."