सांगोल्याची कारवानी कुत्री

पावसात भिजलेल्या घोंगडीचा वास आला की मला सोलापुरातला गिरणीच्या साहेबाचा बंगला आठवतो. माझे यजमान तिथे कुत्री सांभाळायचे. साहेबाचा विलायती अल्सेशियन मोठा आज्ञाधारक, ‘बस’ म्हटलं की बसायचा. शिकारीसाठी साहेबाने सांगोल्याच्या एका मेंढपाळाकडून कारवानी कुत्री आणवली. लांब पायांची, सडपातळ, परक्याचा हात लागू न देणारी. “ही जात माळावर पळायची हाय. बांदली तर मरंल की,” पावसात भिजलेली घोंगडी सावरत मेंढपाळ जाताना म्हणाला. साखळीला बांधल्यापासून ती नुसत्या येरझाऱ्या घालत होती, भाकरीला तोंड लावत नव्हती. माझाही घास उतरेना. चौथ्या दिवशी भर दुपारी मी साखळी सोडली आणि कुंपणावरून झेप घेऊन ती निघून गेली. “आता सायबाला काय सांगू?” यजमानांनी कपाळाला हात लावला. “मी सोडली म्हणून सांगा की.” त्यांनी मात्र ‘माझ्याच हातून सुटली’ असं सांगितलं, आणि नोकरी गेली. आठवड्याने मेंढपाळाचा निरोप आला, कुत्री घरी पोचली, पाय सोलवटलेत, पण पोटभर जेवली. ते ऐकून यजमान कितीतरी दिवसांनी हसले. पुढे त्यांनी त्या नोकरीबद्दल मला एका शब्दानेही बोल लावला नाही. मीही कधी त्यांची माफी मागितली नाही. आता ते नाहीत, आणि ती चुटपुट मला अजून स्वस्थ बसू देत नाही.