साकव अस्तित्वात आहे

माझं माहेर मुरबाडकडचं, म्हशाजवळचं. त्यामुळे प्रश्न कसा विचारावा हे मी शाळेत नाही, म्हशाच्या बैलांच्या जत्रेत शिकले. वडील बैल घ्यायला निघाले की मी त्यांच्या मागे. विकणारा बैलाच्या पाठीवर थाप मारून सांगायचा, "लय गुणी हाय." वडील विचारायचे, "मारतो का?" तो म्हणायचा, "छ्या, गायीवानी गरीब हाय." वडील मान डोलवायचे, दात बघायचे, खूर बघायचे, चार पावलं पुढे जायचे आणि वळून विचारायचे, "मग तुझा पोरगा त्याच्या बाजूनं का जात नाय?" तिथे विकणारा अडकायचा. वडील म्हणायचे, पयल्या सवालाचं उत्तर तो घरून पाठ करून येतो गो, खरं काय ते दुसऱ्या सवालाला कळतं.

हे सगळं मला इतक्या वर्षांनी आठवलं ते शहापूरला, आमदारांच्या कार्यालयात.

मी शाळेत शिकवते. उंबरमाळीच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत आमचं गाव. गावातून एक ओढा जातो आणि ओढ्यापलीकडे एक पाडा आहे. शाळा अलीकडे. उन्हाळ्यात ओढ्यात गुरं बसतात, इतका तो साधाभोळा. पण आषाढात डोंगरावर पाऊस झाला की इथे ऊन असतानाही पाणी येतं, आणि येतं ते सांगून येत नाही. एका वर्षी पाड्यावरचं एक पोर वाहत गेलं आणि करंजाच्या झाडाला अडकलं म्हणून वाचलं. तेव्हापासून पावसाळा लागला की पाड्यावरच्या आया पोरांना घरी ठेवतात. मोठी माणसं दोर धरून ओलांडतात. पोरांना कोण ओलांडून आणणार? लावणीच्या दिवसांत घरात माणूस असतो कुठे!

त्या पोरांत माझी एक चौथीतली मुलगी होती. हुशार म्हणावी तर हुशार, आगाऊ म्हणावी तर आगाऊ. मी फळ्यावर चुकले की हिचा हात वर. तिच्या आजाचा शब्द पाड्यात चालायचा. त्याने मला तोंडावर सांगितलं होतं, "बाई, पावसात घरी, उन्हाळ्यात सुट्टी, मग पोरगी शिकते कवा? हा पावसाळा बी घरीच गेला तर दिवाळीपासून शाळा बंद. गुरं तरी राखंल." तिची आई खाली मान घालून उभी होती. सासऱ्यापुढे ती बोलायची नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही. मी निघाले तेव्हा मात्र ओढ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "बाई, मी तिसरीला शाळा सोडली. हिचं तसं नका होऊ देऊ."

आता माझ्या हातात काय होतं? खडू आणि तोंड. तोंड घेऊन मी मे महिन्यात शहापूरला गेले.

आमदार मुंबईला होते. त्यांचे सहायक होते, सभ्य माणूस. माझं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "विधानसभेत तारांकित प्रश्न टाकू." मग त्यांनी लिहिलं ते मला वाचून दाखवलं. पाड्यावरील विद्यार्थ्यांना पावसाळ्यात ओढा ओलांडून शाळेत जावे लागते, हे खरे आहे काय? असल्यास, तेथे साकव बांधण्याबाबत कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

साकव म्हणजे चालत जाण्यापुरता छोटा पूल. एवढंच मागायचं होतं. पण ते 'हे खरे आहे काय' ऐकून माझं डोकंच सणकलं. "अहो, खरं आहे म्हणून तर लाल डब्यातून हाडं खिळखिळी करून घेत आले ना इथवर! खरं आहे काय म्हणून काय विचारताय?"

ते हसले. "बाई, सभागृहात सांगून भागत नाही. सांगितलं तर ते भाषण होतं, मंत्री ऐकून घेतात आणि चहाला जातात. विचारलं की त्यांना उत्तर द्यावं लागतं."

हे मला पटलं. बसमध्ये मी त्यावरच विचार करत होते. आपण जन्मभर गाऱ्हाणी सांगतो, ओरडतो, रडतो. पण समोरच्याला होय किंवा नाही म्हणायला लावेल असा नेमका प्रश्न आपण किती वेळा विचारतो?

पुढची गंमत ऐका. आमचा प्रश्न मुंबईला गेला. मंत्रालयातून ठाण्याला आला, ठाण्याहून शहापूरला, शहापूरहून गावात, आणि पाऊस सुरू झाल्यावर एके दिवशी मुख्याध्यापकांनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. 'सदर बाब खरी आहे काय, तातडीने कळवावे.' फिरून फिरून भोपळे चौकात! मीच विचारायचं आणि मीच सांगायचं. मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, होय, हे खरे आहे. वर असंही लिहिलं की विश्वास नसेल तर येऊन बघा.

आणि खरंच एक साहेब बघायला यायचं ठरलं. मी पाड्यावर निरोप धाडला, उद्या ओढा बघायला ठाण्याहून साहेब येतायत, सगळ्यांनी हजर राहा. मला वाटलं, साहेब ओढ्याच्या काठावर उभे राहतील, गुडघाभर भिजतील, घाबरतील, आणि आमचं काम होईल.

आमच्याकडची एक रीत इथे सांगायला हवी. गौरीला पाड्याच्या सासुरवाशिणी माहेरी येतात. तेव्हा ओढा भरून वाहत असतो. लेक जावई पाण्यातून कसे येतील? म्हणून पाडा एका दिवसात बांबूचा साकव घालतो. कोणी गोठ्याचे वासे काढून आणतो, कोणी कुंपणाचे बांबू, दोन्हीकडच्या झाडांना बांधायचं, वर कामट्या अंथरायच्या. गौरी बोळवल्या, लेकी सासरी गेल्या की साकव सोडून ज्याचा त्याचा बांबू घरी. पाण्यात वाहून गेला तर गोठा कशाने शाकारणार?

मी साहेबांना घेऊन ओढ्यावर पोचले आणि बघते तर काय. समोर साकव! हिरवेगार, ताजे बांबू, नवा काथ्या, दोन्ही बाजूंना धरायला आडवे बांबूसुद्धा. पलीकडे आजा धुतलेलं धोतर नेसून उभा, बायका आरती घेऊन उभ्या. अख्ख्या पाड्याने आदल्या दिवशीची लावणी सोडून साहेबांसाठी साकव घातला होता.

"हे काय केलंत बाबा!" मी अलीकडून ओरडले.

"काय म्हंजे? पावण्यास्नी पाण्यातून नेयाचं? आमी काय रानटी हाव?" आजाचा आवाज अभिमानाने भरलेला.

मी साहेबांना हात जोडून सांगितलं की हा काल नव्हता, उद्या नसेल. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, साकवाकडे पाहिलं, मोबाइलमध्ये फोटो घेतला. माणूस वाईट नव्हता. पलीकडे जाऊन त्यांनी कोरा चहा घेतला, पाहुणचाराचं कौतुक केलं, आणि परत येताना मला हळूच म्हणाले, "बाई, मला दिसलं तेच मी लिहू शकतो. जे दिसलं नाही ते कसं लिहू?"

गौरीची रीत दुसऱ्या दिवशीही पाळली गेली. बांबू घरोघर गेले. मी रात्रभर धुमसत होते. या माणसांना ओरडावं तरी कसं? दारात आलेल्याला कोरड्या पायांनी घरात घ्यायचं, हा काय गुन्हा आहे? पण त्या पाहुणचाराने आमच्या प्रश्नाचा गळा घोटला होता.

सकाळी मी सहायकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, उत्तर आता 'हे खरे नाही' असंच येणार. तेव्हा मला वडील आठवले. मी म्हटलं, "मग दुसरा प्रश्न विचारा. साकव आहे म्हणतात ना? तर तो कधी बांधला, कोणत्या योजनेतून बांधला आणि आज तिथे आहे का, एवढंच विचारा." ते म्हणाले, "बाई, यालाच आम्ही उपप्रश्न म्हणतो." मी म्हटलं, "आम्ही म्हशाला म्हणतो, पोरगा बाजूनं का जात नाय."

अधिवेशनात आमच्या प्रश्नाची पाळी आली त्या दिवशी पाऊस धो धो होता. पाड्यावर फोनला रेंज नसते, म्हणून आजा, चार बाप्ये माणसं आणि त्या पोरीची आई दोर धरून ओढा ओलांडून शाळेच्या ओट्यावर आली. पोरगी अर्थात घरी. मी मोबाइल खुर्चीवर उभा केला आणि सगळे भोवती बसले. सभागृहात आधी बराच गोंगाट होता. कोण कोणावर ओरडतंय कळेना. आजा म्हणाला, "आपल्या ग्रामसभेवानीच हाय की." मग अध्यक्षांनी क्रमांक पुकारला आणि आमदार उभे राहिले.

मंत्र्यांनी कागदावरून वाचलं. हे खरे नाही. सदर ठिकाणी साकव अस्तित्वात आहे. त्यामुळे पुढील प्रश्न उद्भवत नाही.

मी शेजारी पाहिलं. पोरीची आई कमरेपर्यंत भिजलेली होती. ती लुगड्याचा सोगा पिळत होती, आणि पिळलेलं पाणी ओट्यावरून पायऱ्यांवर ओघळत होतं. मंत्री म्हणत होते, अस्तित्वात आहे.

आमदारांनी उपप्रश्न विचारला. शब्द न् शब्द माझा, फक्त वर 'अध्यक्ष महोदय' लावलेलं. साकव कधी बांधला? कोणत्या योजनेतून? आज तो तिथे आहे का? मंत्री थांबले. मागून कोणीतरी एक चिठ्ठी पुढे दिली. त्यांनी ती वाचली, उलटी करून पाहिली. आणि ते म्हणाले, "याबाबत माहिती घेऊन पटलावर ठेवण्यात येईल." पुढचा प्रश्न.

झालं. मी मोबाइल बंद केला. बाप्ये आभाळाकडे बघत बसले. आजा म्हणाला, "मंत्र्याला बिचाऱ्याला काय ठावं? त्याला दुसऱ्यानं सांगितलं."

तेव्हा त्याची सून उठली. पदर डोक्यावर घेतला आणि जन्मात पहिल्यांदा सासऱ्यासमोर उभी राहून बोलली.

"मामंजी, त्यांना दुसऱ्यानं सांगितलं. तुमाला कोणी सांगाया नको. पावण्यांसाठी एका दिसात साकव घातलात. माझ्या पोरीसाठी का नाय घातला?"

आजाला मागून चिठ्ठी देणारं कोणी नव्हतं. शेवटी तो खरं तेच बोलला. "ती घरची हाय गो."

"घरची हाय म्हणून व्हाऊन गेली तरी चालंल?"

मला रडू आलं, लपवायलाही जमलं नाही. आजा पायऱ्यांवर साचलेलं पाणी बघत होता. मग उठला, आणि सगळे त्याच्यामागून ओढ्याकडे गेले. ती सगळ्यांत शेवटी गेली, मान खाली घालून, जणू चोरी केल्यासारखी.

पटलावर ठेवायची माहिती अजून मला कुठे वाचायला मिळालेली नाही. सिमेंटचा साकव प्रस्तावित आहे म्हणतात. मी दर अधिवेशनाआधी शहापूरला जाऊन सहायकांचं डोकं खाते, आणि ते पण आता मला बघितलं की आधीच कोरा कागद काढतात. प्रश्न विचारणं सोडायचं नाही, एवढं मला कळलं आहे. कुणाकुणाला विचारायचं, ते मात्र मी त्या दिवशी नव्याने शिकले. वरच्यांना विचारायला सभागृह आहे. घरच्यांना विचारायला छाती लागते.

त्या दिवसानंतर दोन-तीन दिवस पाऊस उघडला नाही. मग एका सकाळी मी हजेरी घेत होते आणि सवयीने तिचं नाव वगळून पुढे गेले.

"हजर, बाई!"

दारात उभी होती. पाठीला दप्तर, डोक्यावर इरलं. मागे लांब ओढ्याच्या बाजूला आजा हातात कोयता घेऊन परत निघालेला दिसत होता.

"अगो, आलीस कशी?"

"साकवावरून. आजानं गोठ्याचं वासं काढलं. म्हनला, गौरीपातूर नाय, पानी वसरेपातूर ऱ्हाईल."

"आणि गोठा?"

"गाय पडवीत बांधली."

मी तिच्या पायांकडे पाहिलं. कोरडे होते.